आधी कुऱ्हाड थांबली, मग पाणी थांबले

मे महिन्यात आमच्या हुडकोत दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसते. कूलर घरघरत असतो आणि आई सकाळीच बजावते, "टाकी भरून घे गं, संध्याकाळचा भरवसा नाही." मग आपण काय करतो? मोठा कूलर आणतो, मोठी टाकी बसवतो. एका गावाने मात्र वेगळे उत्तर शोधले.

ते गाव म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार. इथे पाऊस कमीच, वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेले. झाडे तुटून डोंगर बोडके झाले. पडलेला पाऊस माती घेऊन वाहून जाई, विहिरी आटत, माणसे कामासाठी बाहेर पडत. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावकऱ्यांनी श्रमदानातून उतारांवर सलग समतल चर खोदले, बंधारे बांधले, झाडे लावली. धावणारे पाणी जमिनीत मुरू लागले.

पण एवढ्याने भागले नसते. गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. ज्याच्या चार शेळ्या डोंगरावरच जगत, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. म्हणून जनावरे मोकळी सोडायची नाहीत, गवत मात्र कापून न्यायचे, असा मार्ग निघाला. शेतीला बोअरवेल नको, ऊस-केळी नको, हेही ठरले. गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस कमी झाला, तर आधी पिण्याचे पाणी राखायचे आणि उरलेल्यात बसतील तीच पिके घ्यायची. हवामान बदलाशी जुळवून घेणे म्हणजे दुसरे काय? बाहेर गेलेली कितीतरी कुटुंबे गावात परतली.

आपण महिन्याच्या खर्चाचा हिशेब ठेवतो, पाण्याचा नाही. कॉलनीत पावसाळ्यात रोपे लागतात, फोटो निघतात, पण एप्रिलमध्ये त्यांना पाणी कोण घालणार, हे कुणी ठरवत नाही. यंदा आमच्या गल्लीतल्या चार घरांनी एका कडुलिंबासाठी वार वाटून घेतले आहेत. आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. भाजी धुतलेले पाणी आता आई बादलीत साठवते.

एका झाडाने भिलाई थंड होणार नाही, हे मलाही कळते. पण हिवरे बाजारनेही सुरुवात एकत्र बसून ठरवण्यापासूनच केली होती. तुमच्या गल्लीत कोणता वार कुणाचा?