अणुभट्टीतल्या वंगणाचेही आयुष्य मोजायला हवे

२०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज, असे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. सध्याची क्षमता नऊ गिगावॉटच्या आसपास आहे. चर्चा होते ती इंधनाची, गुंतवणुकीची आणि अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची याची. पंप, व्हॉल्व्ह आणि क्रेनच्या बेअरिंगमधल्या तेल-ग्रीसकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. सुरक्षिततेचा एक धागा मात्र तिथेही आहे.

वंगण म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्या. गॅमा किरण या साखळ्यांमधले बंध तोडतात आणि मुक्त मूलके, म्हणजे फ्री रॅडिकल्स तयार होतात. शरीराच्या पेशीतही हेच घडते. पण पेशी स्वतःची बरीच दुरुस्ती करते, तेलाला ती सोय नाही. तुटलेले रेणू एकमेकांना जोडले जातात, तेल दाट होत जाते आणि शेवटी थिजल्यासारखे होते. हायड्रोजनसारखे वायू सुटतात, आम्लता वाढते. ग्रीस आधी सैल पडून गळते आणि नंतर कडक होते.

यासाठी लागणारी मात्रा मोठी असते. संपूर्ण शरीराला एकाच वेळी ४ ते ५ ग्रे किरणोत्सर्ग मिळाला आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. साधे खनिज तेल साधारण दहा लाख ग्रेपर्यंत तग धरते. बेंझिनसारखी कडी असलेली काही कृत्रिम तेले त्याहूनही टिकाऊ असतात. उलट, एरवी उत्तम मानले जाणारे टेफ्लॉन काही दहा हजार ग्रेमध्येच कमकुवत होते. म्हणजे महागडे ते टिकाऊ, हा हिशेब इथे चालत नाही.

वैद्यकाला हा धडा आधीच मिळाला आहे. सिरिंज आणि टाक्यांचे धागे गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तुर्भ्याच्या ‘आयसोमेड’मध्ये हे काम १९७४ पासून चालते. पूर्वी कृत्रिम सांध्यातले पॉलिएथिलीन हवेतच असे निर्जंतुक केले जाई. ऑक्सिजनमुळे ते पुढे ठिसूळ होऊन झिजू लागले. आता ऑक्सिजनविरहित वेष्टन वापरतात, काही सांध्यांत ‘ई’ जीवनसत्त्व मिसळतात. वंगणात अँटिऑक्सिडंट घालतात ते याच तत्त्वावर. पण तेही हळूहळू संपते.

एक गैरसमजही दूर व्हावा. एक्स-रे काढल्याने रुग्ण किरणोत्सारी होत नाही, तसेच गॅमा किरणांनी तेलही होत नाही. भट्टीतले किरणोत्सारी कण त्यात मिसळले, तर मात्र ते टाकाऊ तेल सांभाळूनच हाताळावे लागते.

खरा पेच देखभालीचा आहे. तेल उशिरा बदलले, तर वर्षानुवर्षे थांबलेला व्हॉल्व्ह अपघाताच्या दिवशीच अडकू शकतो. वारंवार बदलले, तर प्रत्येक फेरीत कामगाराच्या शरीराला मात्रा मिळते. आपल्याकडे त्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० अशी मर्यादा आहे. म्हणून नेहमीची आणि अपघातातली अशी एकूण मात्रा देऊन वंगण आधीच तपासणे, हाच योग्य मार्ग.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९च्या. जुन्या भट्ट्यांचे आयुष्य वाढवताना आणि नव्या उभारताना काँक्रीट-पोलादाबरोबर वंगणाचाही हिशेब मागितला पाहिजे.