गाणी आठवतात, अल्ताब अली आठवत नाही

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्राने ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांची यादी टाकली. ब्लॉन्डी, टॉकिंग हेड्स, डेपेश मोड, न्यू ऑर्डर, द क्युअर. थोडक्यात, ज्याला न्यू वेव्ह म्हणतात ते सगळं. खाली लिहिलं होतं, “काय निर्मळ दिवस होते! तेव्हा संगीतात ना धर्म होता, ना राजकारण.” बदामांचा पाऊस पडला. मी एवढंच विचारलं, “क्युअरची पहिली रेकॉर्ड कोणती, आठवतंय?” उत्तर आलं, “तू प्रत्येक ठिकाणी तेच का आणतोस?”

‘तेच’ म्हणजे काय, हे मला चांगलं कळतं. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी कबुली देतो. ही गाणी माझीही आहेत. पुण्यात शिकताना खोलीवरच्या टेपरेकॉर्डरवर कॉपी केलेल्या कॅसेट आम्ही घासून घासून ऐकल्या. निम्मे शब्द कळत नव्हते. पण तो कोरडा ठेका, थंड सिंथेसायझर आणि त्यावर आतून घाबरलेल्या माणसाचा आवाज थेट पोचायचा. चाळीस वर्षांनी माझी मुलगी तीच गाणी कानाला लावून बसते, तेव्हा मला नवल वाटत नाही. त्या संगीताच्या पोटात खरी भीती आहे, म्हणून ते टिकलं. रंगीत केसांमुळे आणि खांदे फुगवलेल्या कोटांमुळे नव्हे.

ही भीती कुठून आली? तेव्हाच्या ब्रिटनमध्ये कारखाने धडाधड बंद होत होते. जानेवारी १९८२ पर्यंत बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. मोटारींचं शहर असलेल्या कॉव्हेंट्रीत काळ्या-गोऱ्या पोरांनी मिळून ‘द स्पेशल्स’ हा बँड काढला. ओस पडलेल्या शहरावरचं त्यांचं ‘घोस्ट टाऊन’ हे गाणं जुलै १९८१ मध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, तेव्हा लिव्हरपूलपासून साऊथॉलपर्यंत दंगली पेटल्या होत्या. याला राजकारण नसलेलं संगीत म्हणायचं?

आणि धर्म-वंशाचं म्हणाल, तर ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. त्याला उत्तर म्हणून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी हजारो लोक ट्रॅफल्गार चौकातून चालत पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात गेले आणि तिथे ‘द क्लॅश’, ‘स्टील पल्स’, ‘एक्स-रे स्पेक्स’ यांची गाणी झाली. बरोबर चार दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली हा पंचविशीतला बांगलादेशी शिलाई कामगार कामावरून घरी निघाला होता. तीन पोरांनी त्याला भोसकून मारलं. दहा दिवसांनी हजारो बांगलादेशी त्याच्या शवपेटीमागे पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. तो पडला, तिथल्या बागेला आज त्याचं नाव आहे. आठवणींच्या बाजारात मात्र ते सापडत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस क्युअरची पहिली रेकॉर्ड आली, ‘किलिंग ॲन अरब’. ती काम्यूच्या ‘परका’ या कादंबरीवर बेतली होती. बँडच्या मनात द्वेष नव्हता, हे मला मान्य आहे. पण ऐकणाऱ्यांच्या मनाची हमी कोण देणार? पुढे अमेरिकेत ते गाणं अरबांची टवाळी करायला वापरलं जाऊ लागलं. अरब-अमेरिकन संघटनेने आक्षेप घेतला, तेव्हा १९८६ च्या संकलनावर खुलाशाची चिठ्ठी चिकटवावी लागली. नंतर बँडने मंचावर त्यातले शब्दही बदलले. ज्यांनी गाणं लिहिलं त्यांना पेच कळला. जे नुसते गहिवरतात, त्यांना तो पेच आठवूनही द्यायचा नाही.

काम्यूच्या कादंबरीत मरणाऱ्या अरबाला नावच नाही. अल्जेरियाच्या कमाल दाऊद यांनी २०१३ मध्ये आपल्या कादंबरीतून त्याला मुसा हे नाव दिलं. मला स्मरणरंजनाचा राग येतो तो इथेच. ते चाल सांभाळतं आणि माणसाचं नाव पुसतं. जानेवारी १९७८ मध्ये थॅचरबाईंनी टीव्हीवर सांगितलं, की परक्या संस्कृतीच्या लोकांत आपण बुडून जाऊ, अशी भीती लोकांना वाटते. त्यावर पाकिस्तानी वंशाच्या तीन पोरांनी एका गोऱ्या मित्रासोबत बँड काढला आणि नावच ठेवलं ‘एलियन कल्चर’. तो कोणाच्या यादीत आहे? माझ्याही नव्हता.

आता आपल्या निर्मळ दिवसांकडे येतो. मे १९८४ मध्ये भिवंडी जळत होती. मला घरून पत्र आलं, “बाहेर फिरू नकोस, कुणाशी वाद घालू नकोस.” ते घडी करून मी पुस्तकात ठेवलं. खोलीतल्या कुणालाच दाखवलं नाही. टेप सुरू होता, तो सुरूच राहिला. त्यामुळे मित्राला ते दिवस निर्मळ वाटतात, यात थोडा दोष माझ्या गप्प बसण्याचाही आहे.

तेव्हा, मित्रा, यादी डिलीट करू नकोस. मी रोज ऐकतो. पण “तेव्हा असं काही नव्हतं,” हे वाक्य मागे घे. तेव्हाही सगळं होतं. ते गाणाऱ्यांना दिसत होतं, म्हणून तर ती गाणी आजही जिवंत आहेत. आणि तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्यालाही ते माहीत होतं. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही, एवढंच.