जठरातील जंतू आणि गरिबाचे घर

जठराचा कर्करोग म्हणजे दैवाचा घाला, ही समजूत आपल्याकडे अद्याप मोडलेली नाही. वस्तुतः तिला पहिला तडा १९८२ सालीच गेला होता. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली.

आता वैद्यकीय वर्तुळात निराळीच चर्चा ऐकू येते. ज्या रुग्णांच्या जठरात हा जंतू आढळला, ते शस्त्रक्रिया व केमोथेरपीनंतर अधिक काळ जगले, असे काही पाहण्यांत दिसून आले. इतर पाहण्यांत तसा फरक आढळला नाही. आणि प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या नव्या औषधांच्या बाबतीत तर काही ठिकाणी उलटच अनुभव आला. यावरून जंतू उपकारक ठरविणे घाईचे होईल. रोग फार पुढे गेला, अस्तर झिजले, आम्ल आटले, की असल्या जठरात खुद्द जंतूलाही राहवत नाही. तेव्हा त्याचे नसणे हीच पुष्कळदा जुन्या नुकसानीची खूण असू शकते.

शिवाय ही सारी चर्चा शेवटच्या अंकाची आहे. संसर्ग होतो तो बहुधा बालपणी, घरातल्या घरात. एका खोलीत सात माणसे झोपतात, पाणी आणि मलनिःसारण यांची सोय नसते, तेथे. केमोथेरपीची बाटली लागते ती चाळीस-पन्नास वर्षांनी. मधल्या काळात शासनाने काय केले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

काही करता येते, हे तैवानच्या मात्सु बेटांनी दाखविले. तेथे २००४ पासून सार्वत्रिक तपासणी व उपचार झाले. संसर्गाचे प्रमाण ६४ टक्क्यांवरून २०१८ पर्यंत १५ टक्क्यांवर आले आणि जठराच्या कर्करोगाचे नवे रुग्ण पूर्वीच्या मानाने निम्म्याहून कमी झाले.

मग आपणही घरोघर गोळ्या वाटाव्यात काय? आपल्यातील उत्साही कार्यकर्ते ही मागणी करतील. प्रस्तुत लेखक तिच्याशी सहमत नाही. भारतात संसर्ग अफाट, पण बहुतेक प्रांतांत हा कर्करोग तुलनेने कमी. त्याचे कोडे पुरते सुटलेले नाही. प्रतिजैविकांच्या उधळपट्टीची किंमतही गरीबच मोजतो. या जंतूवरील क्लॅरिथ्रोमायसिन निकामी होत चालल्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ सालीच घेतली. (आपल्या औषधांच्या दुकानांत ते चिठ्ठीवाचून सहज मिळते, हे सांगावयास नकोच.)

परंतु मिझोरमचे काय? देशात या रोगाचे सर्वाधिक प्रमाण ऐझॉलमध्ये आहे. धुरावलेले, खारवलेले मांस आणि तंबाखूच्या धुराचे पाणी यांकडे तेथील अभ्यासकांनी बोट दाखविले आहे. आहाराचे दोष दाखविणे सोपे असते, कारण त्यात शासनाला काही खर्च येत नाही. तेथे रुग्णाच्या मुलांची व भावंडांची श्वासाद्वारे किंवा विष्ठेची तपासणी व्हावी, संसर्ग आढळल्यास चौदा दिवसांचा उपचार सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळावा. एका रुग्णाच्या केमोथेरपीच्या खर्चात अशी किती कुटुंबे तपासून होतील, हा हिशेब आरोग्य खात्याने आधी लोकांपुढे ठेवावा.