सरायांची नावे : एक उसनवारी

अद्भुतरम्य कथा लिहिणाऱ्या नव्या पिढीविषयी आमच्या मनात यत्किंचितही आकस नाही. परंतु त्यांच्या कल्पित नगरींतील मद्यालयांची व सरायांची नावे वाचून आम्ही विषण्ण होतो. एका यादीतून विशेषण उचलावे, दुसरीतून प्राणी. की झाला ‘सोनेरी लांडगा’ किंवा ‘हसरा ड्रॅगन’! याला नामकरण म्हणत नाहीत, सोडत म्हणतात.

ज्या इंग्रजी नावांची ही नक्कल, त्यांना मात्र मुळे आहेत. दुसऱ्या रिचर्डच्या राजवटीत, १३९३ साली, विक्रीसाठी एल गाळणाऱ्याने दाराशी चिन्ह टांगलेच पाहिजे, असा दंडक झाला. मद्याची प्रत तपासणाऱ्या अधिकाऱ्यास घर ओळखता यावे, हा हेतू. सरकारी सेवेत हयात घालवलेल्या आम्हांस त्याचे मर्म सहज उमगते! गिऱ्हाईक बहुधा निरक्षर, म्हणून अक्षरांऐवजी चित्र. पांढरे हरीण हे खुद्द रिचर्डचे बोधचिन्ह. त्यावरून ‘व्हाइट हार्ट’. वूस्टरच्या पराभवानंतर १६५१ मध्ये दुसरा चार्ल्स ओकच्या झाडात लपला. त्यावरून ‘रॉयल ओक’.

टोल्किनने हे पुरते जाणले होते. १९५४ च्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’मधील ‘प्रान्सिंग पोनी’ पाहा. दोन जुन्या रस्त्यांच्या मिलनस्थानी वसलेले ब्री गाव, पाटीवर मागील पायांवर उभे राहिलेले लठ्ठ पांढरे तट्टू, आणि दारावर मालक बटरबरचे नाव. तेही एका वनस्पतीचे, कारण ब्रीच्या माणसांची आडनावे तशीच. नाव, गाव आणि मालक एकमेकांस साक्ष देतात.

कोणी म्हणेल, कल्पित जगात काहीही चालते. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ज्या जगाला इतिहास नाही, त्याला तो नावांतूनच द्यावा लागतो. सराय कोणी बांधली, कोणासाठी, कोणत्या वाटेवर, एवढे प्रश्न लेखकाने स्वतःला विचारले, तर नाव आपोआप उमटते.

आपल्याकडे वाटसरूंच्या निवाऱ्याला चित्रापेक्षा बांधणाऱ्याचे नाव मिळे. पंजाबातील नूरमहल सराय नूरजहानच्या आधीच्या किताबाने ओळखली जाते. असंख्य धर्मशाळांवर दात्याचे नाव कोरलेले असते. अन्नछत्र, पाणपोई, पार, धर्मशाळा, सराय, गुत्ता: या प्रत्येक शब्दामागे निराळा यजमान व निराळा पाहुणा उभा आहे. मराठीत अद्भुत नगरी उभारणाऱ्याने हे भांडार सोडून परक्या पाटीची नक्कल का करावी?

मुलुखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांना शब्द हरवण्याची किंमत ठाऊक आहे. घरात न उच्चारलेला शब्द नातवंडांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून तरुण लेखकांना आमचे सांगणे एवढेच: ड्रॅगन खुशाल आणा, पण तो ज्या पारावर विसावेल, त्या पाराला मराठी नाव द्या, आणि ते का पडले हे तुम्हांला ठाऊक असू द्या.