चाल कोणाची?



मागल्या जयंतीनंतर आमच्या पुतण्याने घरात एक नवाच वाद काढला. तो वस्तीतल्या गायन पार्टीत कॅसिओ वाजवतो. आता त्याला गिटार पाहिजे. आमचे थोरले बंधू मंठ्याच्या मोंढ्यात हमाली करतात. ते म्हणाले, "पेटी-ढोलकीवर आपल्या पिढ्या गेल्या. हे श्रीमंतांच्या पोरांचे चोचले कशाला?" निवाड्याला आम्हाला बोलावले. कारकुनाला सगळे कळते, असा घरच्यांचा समज आहे!

पुतण्याने मोबाइलवर मुंबईच्या 'रॉक मशीन' या बँडचे गाणे लावले. खरे सांगतो, पाच मिनिटे आमचे कान बधिर झाले. पण बँडची हकीकत ऐकली, थोडी वाचली, आणि आम्ही त्यात गुंतलो.

हा बँड १९८४ साली सुरू झाला. महेश तिनाईकर गिटारवर. पुढे उदय बेनेगल गायक म्हणून आले. त्या काळी आपल्याकडचे रॉक बँड विलायती गाणी हुबेहूब वाजवत. नक्कल जितकी तंतोतंत, तितकी टाळी मोठी. हेही तिथूनच निघाले. पण १९८८ साली त्यांनी स्वतः रचलेल्या गाण्यांचा संग्रह काढला, १९९० साली दुसरा. आणि १९९३ साली चक्क नावच बदलले, 'इंडस क्रीड' केले. इंडस म्हणजे आपली सिंधू. संगीतात इकडचे सूर येऊ लागले, मग नाव परके कशाला? नऊ वर्षे कमावलेले नाव टाकणे म्हणजे चालत्या दुकानाची पाटी उतरवणे. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड'ला एमटीव्हीचे बक्षीस मिळाले. तरी १९९७ साली बँड मोडला. बाजार हिंदी पॉपचा झाला होता. २०१० साली पुन्हा जमले, २०१२ साली नवा संग्रह काढला.

आमची एक तक्रार आहे. नाव सिंधूचे घेतले, पण बोली इंग्रजीच ठेवली. ती मोंढ्यापर्यंत कशी पोहोचणार?

पुतण्या म्हणाला, "काका, आपलं तरी काय वेगळं? शब्द बाबासाहेबांवरचे आणि चाल सिनेमातली. लोकांना बाबासाहेब नाही, हिरोईन आठवते." यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. पार्टीसाठी चार गाणी आम्हीच लिहिली आहेत, सगळी सिनेमाच्या चालीवर.

बंधूंचा 'श्रीमंतांचे चोचले' हा हेका सुटेना. तेव्हा त्यांना बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. ज्या हेवी मेटलमुळे आमचे कान बधिर झाले, ते ज्या 'ब्लॅक सॅबथ' बँडने उभे केले, त्याचा हा गिटारवाला. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा; तारा दाबायचा तोच हात. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल केल्या. त्यातून तो जड, घुमणारा आवाज निघाला.

बंधू काही बोलले नाहीत. पोती उचलून वाकडे झालेले स्वतःचे बोट बराच वेळ चोळत बसले. मग म्हणाले, "जुनी मिळंल का कुठं?"

रविवारी जालन्याला जायचे ठरले आहे. निम्मे पैसे त्यांचे, निम्मे आमचे. कॅसिओ मात्र विकायचा नाही, असे वहिनींनी बजावले आहे.