औषध चालू, बाटलीही चालू

एप्रिल २००४ मध्ये सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तेव्हा तिशी-पस्तिशीत असलेली माणसं आता पन्नाशी ओलांडून गेलीत. ‘दोन वर्षं काढली तरी पुष्कळ’ असं ज्यांच्याबद्दल नातेवाईक कुजबुजायचे, त्यांतले कितीतरी जण नातवंडं खेळवताहेत. आनंदच आहे. पण उतारवयाबरोबर येणारा विसरभोळेपणा आणि त्याला दारूची जोड, यावर मात्र आपण बोलत नाही.

हा विषाणू मेंदूतही शिरतो. औषधाने रक्तात तो मोजता न येण्याइतका कमी झाला, तरी काहींच्या मेंदूत दाह धुमसत राहतो. त्यात वय, बीपी, शुगर. वरून दारू! जेवण सुटतं, ब-१ जीवनसत्त्व कमी पडतं, पडून डोक्याला मार बसतो. वयानुसार अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून ‘पूर्वीइतकीच घेतो’ म्हणणाऱ्यालाही ती जास्त भिनते. मग पैशांचा हिशेब चुकतो, गॅस चालू राहतो. घरचे म्हणतात, ‘वय झालं,’ नाहीतर ‘प्यायलेत, दुसरं काय!’ डॉक्टरांना सांगावं असं कुणालाच वाटत नाही.

खरी गोम पुढेच आहे. वस्तीत फिरताना हमखास ऐकू येतं, ‘ताई, आज घेतलीय ना त्यांनी, मग गोळी नको. दोन्ही मिळून विष होतं.’ हा समज फार महागात पडतो. दारू वाईटच, पण म्हणून गोळी चुकवायची नाही. चुकली की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, औषधाला दाद देईनासाही होतो. सकाळी पोट जळतं म्हणून अॅसिडिटीचं औषध आणि डोल्युटेग्राव्हिरची गोळी एकदम घेतली, तर गोळी नीट लागू पडत नाही. ती दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची.

ही वेळापत्रकं सांभाळते कोण? बायकोच. पुष्कळदा ती स्वतःही पॉझिटिव्ह असते. आणि पिणारे फक्त पुरुषच, असंही नाही हं. देहविक्रय करणाऱ्या बायकांना गिऱ्हाईकाबरोबर प्यावंच लागतं. त्याही आता पन्नाशीत आल्यात. त्यांना कोण विचारतं?

स्मरणशक्तीची साधी चाचणी दहा मिनिटांत होते. पन्नाशीनंतर औषधाच्या केंद्रावर ती आणि दारूची चौकशी ठरल्यासारखी व्हायलाच हवी, असं माझं मत आहे. दारू कमी केली तर मेंदू काही प्रमाणात सावरतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली घरच्या घरी एकदम हिसकावू नका. झटके येऊ शकतात, जिवावरही बेततं. आधी डॉक्टर गाठा. एचआयव्हीच्या चौकशीसाठी १०९७ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे फोन मोफत आहेत. आजार कळल्यावर कुठल्या केंद्राने दाखल करून घ्यायला नकार दिलाच, तर २०१७ चा एचआयव्ही कायदा त्यांना खुशाल दाखवा.