अ‍ॅसिडिटीच असेल!
परवा रात्री प्रेझेंटेशनची शेवटची स्लाइड करत होतो आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं. वय ३२. म्हटलं, संध्याकाळचा वडापाव बोलतोय! इनो प्यायलो, फेऱ्या मारल्या. २० मिनिटं झाली तरी दाब तसाच, वर घाम. तरीही हॉस्पिटलात जायची लाज वाटत होती, बॉस! 'गॅसेस आहेत' म्हणून परत पाठवलं तर? शेवटी रूममेटनेच १०८ला फोन लावला.

ईसीजी नॉर्मल. मी उठायला लागलो, तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "झोपून राहा. पहिला ईसीजी नॉर्मल असला तरी अ‍ॅटॅक असू शकतो." ट्रोपोनिनसाठी रक्त घेतलं, काही तासांनी पुन्हा घेतलं. निघाली अ‍ॅसिडिटीच!

बोटाने दाबल्यावर दुखलं तर बहुधा स्नायू. धडधड, हाताला मुंग्या, तर कदाचित पॅनिक अ‍ॅटॅक. पण हे घरबसल्या आपण ठरवायचं नाही. दाब काही मिनिटांत गेला नाही, हात-जबडा-पाठीकडे सरकला, घाम फुटला, धाप लागली, की सरळ १०८. बाइकला किक मारून स्वतः निघायचं नाही.

रूममेट अजून 'वडापाव पेशंट' म्हणून चिडवतो. चिडवू दे. पुढच्या वेळीही त्यालाच उठवणार आहे.